नाकेदाराचा इवाई

आमच्या पडवीत एक नाकेदार राहायला होता, आणि तो होता तोवर आमच्या घरात कोणाला सुखानं विडी ओढता आली नाही. बाबांचे तर हाल बघवत नसत. बिचारे गोठ्यात जाऊन बैलाच्या आड उकिडवे बसायचे, चोरून दोन झुरके घ्यायचे, आणि तेवढ्यात पडवीतून आवाज यायचा, "भाऊ, तुमचा बैल कवापासून धूर सोडून राह्यला जी?"

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा राखणदार. आम्ही चांदा जिल्ह्यातले, सिंदेवाहीच्या पलीकडच्या डोंगरांपाशी राहणारे. गावामागे दोन डोंगर समोरासमोर आणि मधून लांबच लांब दरी. तिला आम्ही घोडदरा म्हणायचो. घोडदरा आणि त्याच्या दोन्ही अंगांचं जंगल या माणसाच्या ताब्यात होतं. खात्यानं त्याला नाक्यावर खोली दिली होती. पण त्यानं एकदा मोहफुलांची टोपली त्या खोलीत ठेवली, वासानं अस्वल छपरावर चढलं आणि छपरासकट आत आलं. नाकेदार खिडकीतून बाहेर पडला तो सरळ आमच्या पडवीत. "चार दिवस राहतो, वहिनी," म्हणाला. ते चार दिवस कोणत्या पंचांगातले, हे माझी आई पुढं कितीतरी वर्षं विचारत होती.

त्याच्या तोंडाकडे पाहिलं की आधी हसूच यायचं. भुवया नव्हत्या. पावसाळ्यात त्या उगवायच्या, दिवाळीपर्यंत चांगल्या दाट व्हायच्या, आणि होळीनंतरच्या पहिल्या वणव्यात जायच्या. त्यामुळे उन्हाळाभर हा माणूस कशाचं तरी भारी नवल वाटल्यासारखा दिसायचा. आई त्याला बोलायला म्हणून पदर खोचून जायची, आणि ते तोंड पाहून अर्ध्या वाटेतच तिचा राग पळायचा.

उन्हाळ्यात तो गरम काही खायचा नाही. भात निवलेला, वरण निवलेलं, आंबील माठातली. आईनं एकदा विचारलं, "काऊन जी, गरम खाल्ल्यानं काय होते?"

"दिवसभर आगीचंच तोंड पाहून राह्यलो, वहिनी. घरी येऊन बी तिच्याच हातचं खाऊ?"

आणि एवढं बोलून त्या गारढोण भातावर फू फू करत फुंकर घालायचा. सवय जाते थोडीच!

होळी झाली की तो सकाळीच घोडदऱ्याच्या तोंडाशी, खिंडीत, एका दगडावर जाऊन बसायचा आणि जंगलात शिरणाऱ्या प्रत्येकाची चकमक, आगपेटी, जे काय असेल ते काढून घेऊन पिशवीत टाकायचा. संध्याकाळी आमच्या पडवीत त्यांचं वाटप. पण कोणाची कोणती हे याला कधी आठवेल तर शपथ! याची चकमक त्याला, त्याची आगपेटी तिसऱ्याला. रोज दिवेलागणीला आमच्या अंगणात भांडण, आणि मिटवायला कोण, तर बाबा. हा आपला खांबाला टेकून म्हणायचा, "जंगल वाचलं ना? मंग चकमकीसाठी काय रडता गा?"

वणव्याला मात्र तो कधी वणवा म्हणायचा नाही. इवाई म्हणायचा. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "इवाई आले," म्हणायचा, "बांबूत बसले आहेत." कोणी हसलं की मोठ्या गांभीर्यानं समजावून सांगायचा, "इवाई एकदा घरात घुसल्यावर त्याले काही बोलता येते काय? त्याले शिवेवर गाठा. पाय धुवा, गूळपाणी द्या, अन् तिथूनच वाटे लावा." नव्या माणसाला वाटायचं, याला लेकी फार असाव्यात. याचं तर लग्नच झालं नव्हतं.

धूर दिसला की बाकीचे नाकेदार माणसं गोळा करून झोडपायला धावायचे. हा आधी एकटा जायचा. वणव्याच्या कडेकडेनं चालत राहायचा, तासन् तास, पाहुण्याला गाव दाखवायला निघाल्यासारखा. "पहिले सोबत चाला," म्हणायचा. "तो कुठी पळते, कुठी दम टाकते, काय खाते, हे पाहून घ्या. मंग हात लावा." काळाठिक्कर होऊन परत आला की सरळ आमच्या स्वयंपाकघरात. "वहिनी, एक मिरची द्या." मग सुपातल्या लाखोळीच्या डाळीचे जमिनीवर दोन ढीग करायचा. ते दोन डोंगर. मधल्या फटीत लाल मिरची ठेवायचा. ती मिरची बोटानं अशी हळूहळू सरकवायचा की आम्ही सगळे श्वास धरून बघत बसायचो, आणि चुलीवरचा भात खाली लागायचा.

त्याचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा असं मुळीच नाही. एकदा मिरची डावीकडे गेली आणि वणवा उजवीकडे. खात्यानंच रचून ठेवलेली बांबूची रास जळून खाक झाली. तर घरी येऊन म्हणतो कसा, "वहिनीनं मिरची जुनी देल्ली होती." आई त्या दिवशी खरंच लाटणं घेऊन उठली होती.

आता माझ्या लग्नाचं सांगते.

माझी एक सोयरीक आधीच मोडली होती. पोरगी बोलते फार, असा निरोप आला होता. खोटं नव्हतं म्हणा. पण एकदा मोडलेल्या पोरीची दुसरीही मोडली तर तिसरी येत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि हा दुसरा मुलगा मला हवा होता, अगदी मनापासून. शंकरपटात बैलांच्या शर्यती पाहायला गेले होते तेव्हा त्याला पाहिलं होतं. त्याची जोडी सगळ्यात शेवटी आली. लोक हसत होते, आणि हा पठ्ठ्या खाली उतरून बैलांच्या कपाळावर हात ठेवून त्यांची समजूत घालत होता. मी तिथंच ठरवलं, हा हरला तरी चालेल, पण मला हाच पाहिजे.

लग्न वैशाखातलं, गोधूळ मुहूर्तावर. घोडदऱ्याच्या नाल्यातून गाड्या भरभरून जांभळीचे डहाळे आणले होते. ते तोडायची परवानगी नाकेदारानंच दिली होती, आणि वर स्वतः झाडावर चढून, कोणता तोडायचा नि कोणता नाही यावरून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. मांडव असा दाट झाला की खाली भर दुपारी गारवा.

त्या दिवशी बाबांनी त्याला हात जोडले. "नाकेदारभाऊ, आजच्या दिवस खिंडीत बसू नका. पाहुण्याईच्या कमरा चाचपणं बरं दिसत नाई." तो कुरकुरत कबूल झाला, पण पूर्ण नाही. वरात गावच्या शिवेवर मारुतीपाशी आली तेव्हा हा नवं धोतर नेसून तिथं उभा. एका हातात गूळपाणी, दुसऱ्या हातात ती पिशवी. वऱ्हाडी गूळ खायचा आणि चकमक पिशवीत टाकायचा. नवऱ्याचा मामा तेवढा ताठ. पिळदार मिशा, हा एवढा मोठा फेटा. "आपण ओढत नाई," म्हणाला आणि गूळ तेवढा घेऊन पुढं गेला.

बाबा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना गंध लावत होते. वाजंत्री अशी वाजत होती की कानात बोटं घालावीत. एकदम नाकेदारानं मान वर केली, दोनदा हवा हुंगली आणि म्हणाला, "इवाई आले."

"आले ना," बाबा म्हणाले. "हे काय समोर उभे आहेत."

"हे नाई जी. दुसरे. यायच्या मांगून येऊन राह्यले."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. घोडदऱ्यावर धुराचा पडदा उभा राहिला होता. ज्या दरीतून वरात आली तिच्याच पोटातून! नाकेदारानं पिशवी मारुतीपाशी ठेवली, नवं धोतर गुडघ्यावर खोचलं आणि पळाला.

मी घरात हळद लावून बसले होते. बातमी आली तशी उठून दाराशी धावले. वरात मांडवात येऊन बसली, पण कोणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. ऊन कलायला लागलं आणि नाकेदार आला. अर्धी मिशी गेलेली, धोतराला भोकं. माझ्या लग्नासाठी तांदळाच्या पिठाचा चौक घातला होता, त्यावर फतकल मारून बसला. ताटातले दोन नारळ उचलून समोरासमोर ठेवले आणि मधे एक हळकुंड.

"हा घोडदरा," म्हणाला. "इवाई आता इथी आहेत. ऊन उतरलं का डोंगरावरचा वारा खाली येते. तो सुटायच्या आत खिंडीत गाठलं तर गाठलं. नाई तं..." आणि त्यानं ते हळकुंड सरळ सरकवत नेऊन नवरानवरीच्या पाटावर ठेवलं.

खिंडीच्या अलीकडे आमचे भाताच्या तणसाचे ढीग, आणि त्यांना लागून सगळ्या गावाची गवती छपरं. कोणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. मग हा वर बघायला लागला. आम्हीही वर पाहिलं. वर मांडव.

"जंगलात हिरवं पान नाई," तो म्हणाला. "सागाचे खराटे झाले. जांभळी आहेत त्या नाल्यात, अन् नाल्यात इवाई आहेत. आग झोडपायले ओला डहाळा लागते. मांडव सोडा."

मग जो कल्लोळ उठला! भटजी उठून उभे राहिले, बायकांनी तोंडाला पदर लावले. माझे सासरे पुढं आले. माणूस वाईट नव्हता, पण चिडला होता. "लग्नाआधी मांडव उतरला, असं कुठी ऐकलं काय? उतरवा तुमी. आमी बैल जुंपतो अन् जातो."

बाबा नुसते हात जोडून उभे. आई रडायला लागली. आणि मी दाराआड उभी राहून देवाला म्हणत होते, गाव जळू देऊ नको, पण हा मुलगाही परत जाऊ देऊ नको. दोन्ही एकदम मागताना मला माझीच लाज वाटत होती.

नाकेदारानं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मेढ कुठी आहे?"

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, पूजा करून रोवतात तो. "मेढीले कोणी हात लावत नाई," तो म्हणाला. "देव मेढीपाशी बसले आहेत, डहाळ्यावर नाई बसले. मेढ उभी आहे तोवर मांडव उभा आहे. डहाळे फक्त शिवेवर चालले, दुसऱ्या इवायाले गाठायले. येतीन परत."

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणजे बाबांची म्हातारी आत्या. आमच्या घरच्या रीतीभातीत तिचा शब्द शेवटचा. तिनं तोंडातला तंबाखू या गालातून त्या गालात नेला.

"मेढ हलली नाई पाह्यजे," ती म्हणाली. "अन् पहिला डहाळा बाहेरच्यानं नाई काढायचा. घरच्यानं काढा."

घरचं कोणी हलेना. मला काय झालं कोण जाणे, मी दारातून बाहेर आले, अंगभर हळद तशीच, उखळावर चढले, आणि वरचा एक डहाळा धरून खसकन ओढला. दोरीसकट हातात आला. पोरगी बोलते फार हे त्यांनी ऐकलं असेल, चढते हे नव्हतं ऐकलं.

दुसरा डहाळा कोणी ओढला माहीत आहे? नवऱ्यानं. डोक्याला बाशिंग, गालाला काजळाचं बोट, आणि हा उठला, हात वर केला आणि ओढला. उंच होता, उखळ लागलं नाही त्याला. मग काय! सगळं वऱ्हाड मांडवावर तुटून पडलं. सासरेबुवांचे बैल जुंपायला माणूस उरला नाही, तेव्हा त्यांनीही एक डहाळा घेतला.

अशी मिरवणूक आमच्या गावानं पुन्हा पाहिली नाही. पुढं भोकाभोकांचं धोतर नेसलेला नाकेदार, मागं हिरव्या डहाळ्यांचं जंगल चालत निघालेलं, त्यामागं घागरी घेतलेल्या बायका, आणि वाजंत्री वाजतेच आहे. त्यांना थांबा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. नवरीनं घराबाहेर पडू नये म्हणतात. मी सगळ्यांच्या पुढं होते.

खिंडीत त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. पालापाचोळा ओढून या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत एक पट्टा साफ करवला. आता त्या पट्ट्याच्या पलीकडे आपणच आग लावायची, म्हणजे ती समोरच्या वणव्याकडे जाईल आणि त्याला खायला काही उरणार नाही. आपल्या बाजूला ठिणगी आली तर डहाळ्यानं झोडपायची.

"आण गा आगपेटी," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. साऱ्या वऱ्हाडाच्या चकमका त्याच्याच पिशवीत, आणि पिशवी मारुतीपाशी! बांबू फटाफट फुटत होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि एवढ्या माणसांत आग लावायला ठिणगी नाही.

तेव्हा मामांनी फेट्यात हात घातला. हळूच एक आगपेटी काढली. ती देण्यासाठी वाकले, आणि धोतराच्या ओच्यातून शोभेच्या दारूचा एक बाण टपकन खाली पडला.

वाजंत्री आपोआप थांबली. नाकेदारानं तो बाण उचलला, हुंगला. "जोडीचा दुसरा कुठी उडवला?"

"नाल्यापाशी," मामा पुटपुटले. "दरीत आवाज घुमते कसा, म्हणून."

नाकेदारानं बाण कमरेला खोचला, आगपेटी घेतली आणि खाली बसला. इतकी वर्षं आमच्या घरात राहिला, पण त्याला काडी ओढताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. गवताला लावताना तो काहीतरी हळूच म्हणाला, माफी मागितल्यासारखं.

मग नुसती धमाल. आग सरसरत दरीत शिरली, ठिणग्या आमच्या अंगावर, आणि आम्ही झोडपतोय! भटजी झोडपतायत, आत्याबाई ओरडतायत, माझे सासरे आणि बाबा एकाच ठिणगीवर दोघं मिळून तुटून पडलेत. मी तर हसतच होते, भीतीनं की आनंदानं मलाच कळेना. समोरून वणवा आला, इकडून आमची आग गेली, दोन्ही एकमेकांना भिडल्या, झाडाएवढ्या उंच उठल्या आणि बघता बघता खाली बसल्या. नाकेदार दोन्ही हात वर करून नाचत ओरडला, "गळाभेट झाली! दोघं इवाई गळाभेट घेऊन बसले!"

परत येऊन पाहिलं तर अंधार पडत आलेला. भटजी म्हणाले, मुहूर्त टळला. नाकेदारानं त्यांना अंगणात नेलं. "गोधूळ म्हंजे काय महाराज? गाई घरी येतात ते. गाई आल्या काय? आगीनं पळालेल्या गाई अजून बोडीच्या तळ्यापलीकडे आहेत. त्या आल्याबिगर मुहूर्त टळन कसा?" भटजींना भूकही लागली होती. त्यांनी मान डोलावली. गाई आल्या, धूळ उडाली, उरलेसुरले करपलेले डहाळे मेढीभोवती बांधले आणि आमचं लग्न लागलं. अंतरपाट खाली आला तेव्हा समोर दोन डोळे आणि दात, एवढंच दिसलं. हार योग्य माणसाच्या गळ्यात पडला हे सकाळी तोंड धुतल्यावर नक्की झालं.

पण पंगतीत मामा पानातला भात नुसता चिवडत होते. नाकेदारानं आजवर कोणाला सोडलं नव्हतं. आग लावणाऱ्याला तो सरळ चांद्याला कोर्टात उभा करायचा. आणि मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचा एकुलता एक भाऊ. त्याला माझ्या लग्नातून बेड्या पडल्या असत्या तर सासूबाईंनी जन्मभर माझ्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असतं, ते मला पाटावर बसल्या बसल्या दिसत होतं.

नाकेदारानं पान संपवलं, हात धुतला आणि माझ्या सासऱ्यांसमोर उभा राहिला.

"शिक्षा ऐकून घ्या. दरसाल माघ महिन्यात, पानगळीच्या आत, तुमच्या घरच्या सगळ्यायनं इथी यायचं अन् खिंडीतला हा पट्टा साफ करायचा. पुरा होये तोवर राहायचं. अन् सून संगं पाह्यजे. पहिला डहाळा तिनं काढला, पहिला कचरा बी तिनंच उचलायचा. तिच्याबिगर काम धरलं जाणार नाई."

"किती साल?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी पुरे म्हणतो तोवर."

सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी होकार दिला.

आमच्याकडे त्या काळी नवी सून माहेरी जायची म्हणजे सणाला, तेही सासूची मर्जी असेल तर. माझ्या बरोबरीच्या पोरी वर्ष वर्ष आईचं तोंड पाहायच्या नाहीत. मी दर माघात पंधरवडाभर माहेरी, तेही सासरच्या बैलगाडीतून, सासूबाईंनी स्वतः पाठीमागं लागून बसवलेली. "सरकारी हुकूम आहे बाई, नाई कसं म्हणता?" दिवसा खिंडीत पाला ओढायचा, संध्याकाळी आईच्या चुलीपाशी बसून मनसोक्त बोलायचं.

दोन-तीन वर्षांनी नाकेदाराची बदली आलापल्लीला झाली. तो गेला तेव्हा माघच होता. माझे सासरे त्याच्या गाडीमागं धावत गेले. "साहेब, आता तरी पुरे म्हणा!" दाट भुवयांचा तो माणूस गाडीतून मागं वळला, खूप हसला आणि म्हणाला, "पाहू." पुन्हा कधी आला नाही, आणि पुरे म्हणाला नाही.

फार वर्षांनी कोणीतरी मला सांगितलं की साध्या नाकेदाराला असली शिक्षा द्यायचा काडीचाही अधिकार नसतो. तोवर सासरे थकले होते, मामा गेले होते, आणि पट्टा झाडायला आम्ही दोघंच यायचो. माघाच्या एका सकाळी मी भीत भीत नवऱ्याला ते सांगितलं.

तो बैलांच्या मानेवर जू ठेवत होता. वळलासुद्धा नाही. "मले तं लग्नाच्या पंगतीतच माहीत होतं," म्हणाला. "बस लवकर, तुही माय वाट पाहून राह्यली असन."